पन्नास टक्क्यांचा श्वास

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. फरक एवढाच की बाकीच्या केसेस आठवल्या की कपाळाला आठी पडते आणि ही आठवली की हसू फुटतं.

मी निपाणीच्या शाळेत शिकलेला. मास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या, आणि पुढं त्याच नकलेवर बंगळुरात फौजदारकी केली. ऐन चाळिशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यामुळं मला 'निवृत्त अधिकारी' म्हटलं की लोक मागं वळून बघतात, अजून कोण म्हातारं आलंय का म्हणून.

तेव्हा माझं ठाणं बसवनगुडीच्या बाजूला होतं. दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी एक बाई आल्या. पुण्याच्या, आयटीतल्या. त्यांचा नवरा शहराबाहेरच्या पाणी भरलेल्या दगडखाणीत स्कुबा डायव्हिंग करायला गेला होता. तळाशी त्याला झटके आले. जोडीदारानं वर ओढून आणला म्हणून वाचला. आता दवाखान्यात होता, धोका टळला होता.

"मारायचा प्रयत्न झालाय साहेब," बाई म्हणाल्या. "सिलिंडरमध्ये भलताच गॅस होता. आणि ज्यानं वर काढला ना, त्यानंच केलंय. वाचवल्याचं नुसतं नाटक!"

हा जोडीदार म्हणजे डायव्हिंग क्लबचा मालक, नागपूरचा. सिलिंडर ठेवायची त्याची भाड्याची खोली आमच्या हद्दीत, म्हणून तपास आमच्याकडं आला. दुपारी ठाण्यात फोन वाजला. नाव न सांगता एक जण म्हणाला, "मागच्या आठवड्यात दोघांचं भांडण झालं होतं. मालक सगळ्यांसमोर ओरडला, पाण्यात ये, मग दाखवतो." झालं! मालकाला आणून बसवला. वरच्या साहेबांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

आता मला त्या गॅसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी त्या मालकालाच विचारलं.

"साध्या हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन असतो साहेब," तो म्हणाला. "बाकी बहुतेक नायट्रोजन. खाली दाबात तो नायट्रोजन अंगात मुरतो आणि घाईनं वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. म्हणून आम्ही ऑक्सिजन वाढवून नायट्रोजन कमी करतो."

"मग ऑक्सिजन जास्त म्हणजे चांगलंच की."

"तसं नाही ना! जितकं खोल, तितका दाब. दाबात जास्तीचा ऑक्सिजन विषासारखा चढतो. झटके येतात, तोंडातला नळ सुटतो, माणूस बुडतो. अठ्ठावीस टक्केवाला तळापर्यंत चालतो. पन्नासवाला फक्त वर येताना, पार वरवरच्या पाण्यात."

म्हणून त्यांची रीत अशी की सिलिंडर भरला की वापरणाऱ्यानं स्वतः मीटर लावून ऑक्सिजन मोजायचा, आणि चिकटपट्टीवर स्वतःच्या हातानं आकडा आणि तारीख लिहून ती सिलिंडरवर लावायची. बाईंच्या नवऱ्याच्या, म्हणजे त्या डायव्हरच्या, पट्टीवर अठ्ठावीस होतं, अक्षर त्याचंच होतं. आम्ही पंचांसमोर मीटर लावलं तर आत पन्नास! खोलीची चावी मालकाकडं. सगळं त्याच्यावरच येत होतं.

माझी चौकशीची एक पद्धत होती. संशयिताचा जबाब मी त्याच्याच आवाजात त्याला म्हणून दाखवायचो. खोटं बोलणारा स्वतःचं ऐकून गडबडतो. खरं बोलणारा माझी चूक काढतो.

मी सुरू केलं, "मी काहून मारीन त्याले साहेब? मी तं पट्टीले हातबी नाही लावला."

"साहेब, असं कोणी नाही बोलत आमच्याकडं," तो चिडून म्हणाला. "आणि हात लावला नाही असं कुठं म्हटलं मी? खाणीवर त्यानं विचारलं, पुन्हा मोजू का? मीच पट्टीवर बोट ठेवून म्हटलं, अबे तुझंच अक्षर आहे, चल ना! तेवढं लिहा जबाबात. ते खरं आहे."

आमचा हवालदार कानडीत पुटपुटला, सर, नाटक बसवताय की तपास करताय? पण माझं मन सांगत होतं, स्वतःच्या अंगाशी येणारी गोष्ट आठवून आठवून सांगणारा माणूस खुनी नसतो.

मी मुद्देमालातला तो सिलिंडर पुन्हा मागवला. पट्टीची कड लालसर दिसली. पंचांना बोलावलं आणि पट्टी हळूच सोलली. खाली कुंकू! चांगलं बोटभर.

त्याच आठवड्यात ठाण्यात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, झाली होती. जीप, वायरलेस, बंदुका, इतकंच काय कॉम्प्युटरच्या माऊसलाही आम्ही कुंकू लावलं होतं. पट्टीवरची तारीख बघितली तर डायव्हरनं ती लावली होती पूजेच्या आधी. मग कुंकू पट्टीच्या खाली कसं? म्हणजे पूजेनंतर ही पट्टी कुणीतरी परत लावली होती.

"तू पूजा केलीस?" मी मालकाला विचारलं.

"मी तर दसऱ्याला नागपूरला होतो."

"दुसरी चावी कुणाकडं?"

"घरमालकीण अक्कांकडं. पण त्या कशाला..."

अक्का म्हणजे तीन पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घर. मला बघून आधी सरबत आणलं. "बसा की अण्णा, स्वल्प दमानं. पूजा? मीच केली की! ही पोरं एवढी यंत्रं ठेवतात, आयुधपूजेला एक फूल नाही. मेल्यांनी चिकट्या लावून नुसती घाण करून ठेवलेली. सगळ्या सोलल्या, त्या लोखंडी नळ्या अंगणात लोळवत आणल्या, धुतल्या, वाळवल्या, कुंकू लावलं."

"आणि चिकट्या?"

"खिडकीच्या गजाला लावून ठेवलेल्या. परत आत नेल्यावर एकेक लावली. एक सुद्धा फेकली नाही हां!"

"कुठली कुठल्या नळीला?"

"सगळ्या सारख्याच की हो त्या!"

आम्ही तिथंच पंचांसमोर उरलेले सिलिंडर मोजले. पन्नासची पट्टी अठ्ठावीसवाल्यावर निघाली. काय झालंय हे कळल्यावर अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच दमात मालकाला झापलं, "मग सांगायचं होतंस रे, नळ्यांत वेगवेगळं असतं म्हणून!"

मालकाची अटक टळली. घातपात नाही, चूक, असा अहवाल गेला. मालक ठाण्यातून सुटला तो सरळ दवाखान्यात, त्याच्यामागं बाईंची कागदावर सही घ्यायला मी. आत गेलो तर दोघांची जुंपलेली.

"तू मोजू दिलं नाहीस!"

"अबे, फुफ्फुसं तुझी की माझी?"

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. स्वतः लिहिलेला पंचनामाही कोर्टात जायच्या आधी जागेवर जाऊन परत ताडून बघायचो. दुसऱ्याच्या सांगण्यावर आम्ही पोलीस सहज शंका घेतो. स्वतःचं अक्षर दिसलं की मात्र शंका घ्यायचं सुचतच नाही, आणि माणूस फसतो तो तिथंच.

तर त्या दिवशी दवाखान्यात बाईंनी तक्रारीच्या खाली नवीन जबाबावर सही केली, पेन परत दिलं आणि त्या दोघांकडं बघत म्हणाल्या, "साहेब, हे पुढच्या महिन्यात परत खाणीत उतरायचं म्हणतायत. आता आत टाकायचं तर दोघांनाही टाका."