तात्यांचं 'इतर'

बटणवाल्या तात्यांना चष्मा नव्हता. लागत नव्हता असं नाही, नव्हता. चष्मा म्हाताऱ्यांना लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग तुम्ही काय अजून पाळण्यात आहात, असं बायकोचं म्हणणं.

दुकानात बटणं, दोरे, चेन, लेस, अस्तर, शिंप्याला लागेल ते सगळं मिळे. पण तात्यांचा जीव मागच्या भिंतीवरच्या कपाटात. वडिलांनी करून घेतलेलं, भिंतभर बारक्या खणांचं. ज्या खणात जे बटण, तेच त्याच्या तोंडावर टाचलेलं. तात्या खण बघत नसत, चाचपत. दोन भोकांचं, चार भोकांचं, घुमटासारखं. बोट फिरलं की खण उघडलाच. गिऱ्हाईक तोंडात बोट घाली आणि तात्यांची मान ताठ होई. डोळ्यांचं पितळ बोटांनी झाकून ठेवलं होतं, एवढंच.

मग घरात सून आली. हिशेबाचं शिकलेली, आणि जिभेलाही धार.

"तात्या, ही लाल लेस एवढी का भरून ठेवलीय?"

"खपते."

"कधी?"

तात्या आठवू लागले. लेसेवर इतकी धूळ होती की ती लाल आहे हे हिला कळलं कसं, याचंच त्यांना नवल वाटलं. आणि पांढरी बटणं मात्र शाळा उघडायच्या तोंडावर दरवर्षी संपायची. शिंपी चरफडत दुसऱ्या दुकानात जायचे.

"तुम्ही अंदाजानं धंदा करता," सून म्हणाली. "आता आकड्यांनी करू."

तिनं गल्ल्याशेजारी काचेची एक पाटी आणून बसवली. वस्तू विकली की पाटीवरचा तिचा चौकोन दाबायचा. काय खपलं, काय पडून राहिलं, पुढं काय लागेल, हे पाटीच चित्र काढून सांगणार. वर व्यापाऱ्याकडे मागणीही तीच धाडणार, या गुणाचं तर सुनेला कोण कौतुक!

"समजलं ना, तात्या?"

"त्यात काय समजायचंय!"

समजलं होतं. दिसलं नव्हतं. चौकोन मुंगीएवढे, अक्षरं मुंगीच्या पिल्लाएवढी. पण तळाशी एक ऐसपैस पट्टी होती, तात्यांच्या अंगठ्याचं माप घेऊन केल्यासारखी. दाबली की टिंग वाजे. तात्यांना टिंग पुरे. बटणं विकली, टिंग. दोरा विकला, टिंग. एकदा डास मारताना वाजलं. तोही विकला गेला. सून दिवसा तिच्या नोकरीला, संध्याकाळी घरी बसून आकडे बघायची. टिंग कशाचं, हे तिला कोण सांगणार?

एका संध्याकाळी तिनं तात्यांना समोर बसवलं. चित्रात एकच मनोरा उभा होता, बाकी सगळं सपाट.

"हे 'इतर'. आपलं अख्खं दुकान 'इतर'वर चाललंय. आणि ही बटणं." तिनं जिथं बोट ठेवलं तिथं काहीच नव्हतं. "एकही खपलेलं नाही, तात्या. कपाट उगाच भिंत अडवून बसलंय. ते काढू आणि पडद्यांचं कापड लावू. रविवारी सुताराला बोलावलंय मी."

"एकही नाही?" बायको म्हणाली. "मग हे दिवसभर तिथं माशा मारतात की काय?"

डास, असं तात्यांच्या ओठांवर आलं होतं. गिळलं. आत्ता कुठं त्यांना कळलं की त्या ऐसपैस पट्टीवर काय लिहिलेलं होतं. खरं बोलावं तर जन्मभराची ऐट जाते, न बोलावं तर बापाचं कपाट जातं.

"बटणं खपतात गं," ते पुटपुटले. "मला माहीत आहे."

"लाल लेसही खपतच होती, तात्या."

संपलं.

रविवारी सुताराच्या आधी टेम्पो आला, आणि टेम्पोच्या आधी व्यापाऱ्याचा फोन. "वहिनी, इतकी वर्षं धंदा करतोय, पण 'इतर, भरपूर' अशी मागणी पहिल्यांदाच आली. तुमचे उपकार विसरणार नाही!" गोदामात जे जे कुणी हुंगलं नव्हतं ते सगळं त्यानं धाडलं होतं. तंबूचे हूक. जांभळी पिसं. बाहुल्यांचे डोळे. आणि गोणभर काळी, चकचकीत, खेळण्यातल्या अस्वलांची नाकं.

"अगं बाई," बायको गोणीत हात घालत म्हणाली, "इतकी नाकं! घराण्याचं एखादं कापलं गेलं तरी आता चिंता नाही."

सून मूठभर नाकं घेऊन तात्यांपुढं उभी राहिली. "तात्या, 'इतर' म्हणजे आपलं नेमकं काय खपतं हो?"

तेवढ्यात मागं सुतारानं कपाटाचा पहिला स्क्रू काढला. कपाट हललं, एक खण निसटला आणि घुमटाची बटणं टणाटणा फरशीभर पळाली.

"हात काढ!" तात्या ओरडले. "हात काढ म्हणतो ना! तेच खपतं! बटणंच खपतात! मी सगळ्याला ती एकच पट्टी दाबतो, डास मारतानासुद्धा तीच वाजली, कारण मला दुसरं काही दिसत नाही. ना चौकोन, ना अक्षरं. झालं समाधान?"

सुतारानं स्क्रू परत जागेवर लावला. शहाणा माणूस, कुणी सांगायची वाट बघितली नाही.

बायको इतकी हसली की तिला नाकांच्या गोणीवर बसावं लागलं. सून मात्र हसली नाही. "मीही एक दिवस दुकानात येऊन उभी राहायला हवं होतं," ती म्हणाली, "चित्र बघून सुतार बोलावला." आणि मग तिलाही राहवलं नाही. "डाससुद्धा, तात्या?"

"एकच."

तिनं पाटीवरचे चौकोन मोठे केले. तात्यांनी चष्मा केला. पाटी खरं सांगू लागली आणि त्या वर्षी शाळांच्या आधी पांढरी बटणं कपाटात हजर होती. एका खणावर आता अस्वलाचं नाक टाचलंय. कोटाला झकास दिसतं म्हणे. पण ते विकलं तरी तात्या 'इतर' दाबत नाहीत, त्या पट्टीला ते हातच लावत नाहीत.

चष्मा घालून पहिल्यांदा घरी आले, तेव्हा दारातच थांबून बायकोकडे बघत राहिले.

"अगं, तू म्हातारी कधी झालीस?"

"आत्ताच," ती म्हणाली. "तुम्ही चष्मा लावलात तेव्हा."