तिसऱ्या अंकाआधी

माझ्या थोरल्या साडूंइतका शूर माणूस उभ्या कोल्हापुरात नव्हता, आणि त्यांच्याइतका भित्राही. तरुणपणी लाल मातीत भल्याभल्यांना चीत केलेला हा गडी बावड्याच्या साखर कारखान्यात कामाला होता. उसाच्या गाडीचा बैल बिथरला की लोक ह्यांना बोलवायला पळत. पण ऐतिहासिक नाटकाचा तिसरा अंक काही त्यांना सोसत नसे. तरी नाटक लागलं की अक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघालेच. नाट्यगृहाच्या दारात चपला काढून काखेत मारायचे. राजे रंगमंचावर आले की स्वतः उभे राहायचे, अक्कांनाही उभं करायचे. मागून ओरडा झाला की वळून शांतपणे विचारायचे, "राजं हुबं हायती आन् तुमी बसलाय व्हय, पावणं?" त्यांचे खांदे बघून मागची मंडळीही हळूहळू उठायची.

मात्र राजे कैद होणार अशी चाहूल लागली, की दुसऱ्या पडद्याबरोबर अक्कांचा हात धरून बाहेर. सायकलवर परतताना शेवट स्वतः रचून सांगायचे. त्यात राजे दर वेळी निसटत. एकदा तर पंचगंगा पोहून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अक्कांनी एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता.

त्या थंडीत अक्कांचं छातीचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते अक्कांना ठाऊक होतं. एकदा साडू घरात नसताना मला म्हणाल्या, "दाजी, त्येंनी सांगितल्याला शेवट लई ऐकला. खरा एकदा बघू द्या की. दुसरा अंक झाला की त्यास्नी च्याला म्हणून बाहीर न्या आन् बोलत ठेवा. तुमचं ऐकत्यात ते." मी शब्द दिला.

पुढचं नाटक लागलं त्या रात्री मी कचेरीतून परस्पर नाट्यगृहात गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. शेजारी नेमके आमचे साहेब. दुसऱ्या अंकात साडू उठले आणि रंगमंचाकडे हात करून गरजले, "राजं, त्यो फितूर हाय. त्येचं ऐकू नगासा." फितूर आपलं वाक्यच विसरला. सगळं नाट्यगृह हसलं. साहेब डोळे पुसत म्हणाले, "कोण हो हा नमुना? तुमच्या ओळखीचा?"

मी म्हणालो, "छे."

पडदा पडला. उठून 'चला, चहा घेऊ' म्हणायचं होतं, एवढंच. मी उठलो नाही. साडू अक्कांना घेऊन निघाले. माझ्या रांगेपाशी त्या धापा टाकत थांबल्या.

"दाजी, च्या?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. त्या साडूंच्या हाताला धरून बाहेर गेल्या, आणि चहाचा विषय पुन्हा काढला नाही. होळीच्या आत गेल्या.

पुढं कधीतरी साडू म्हणाले, "तिला शेवट बघायचा हुता. जाताना सांगितलं तिनं. मीच भ्यालो, दाजी." तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

आता ते तिसऱ्या अंकाला बसतात. राजांना साखळदंड घालतात तेव्हाही डोळे मिटत नाहीत. बाहेर येतो तो मी. चहाच्या गाड्यापाशी उभा राहतो, पण चहा घेत नाही. नाटक सुटलं की ते चपला काखेत मारून अनवाणी येतात, आणि घरी जाताना मला शेवट सांगतात. त्यात राजे सुटत नाहीत.