रुमालाखालची गाडी

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढण्यासाठी आम्हांला एक मोटार विकत घ्यावी लागली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं काही लिहून दिलं नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांत पडदा आहे, उजवा फार पिकलाय, दोन-तीन महिन्यांत काढला नाही तर त्या डोळ्यात पुन्हा उजेड येणार नाही. सासऱ्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. दवाखान्याबाहेर आल्यावर म्हणाले, "झालं का? चला घरला."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही साताऱ्यात राहत होतो. माझं मिरची कांडायचं यंत्र होतं आणि तिखट-मसाल्याचा छोटा धंदा. नवरा सरकारी नोकरीत, बदलीवर जतला. शनिवारी यायचा, रविवारभर झोपायचा, सोमवारी जायचा. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणायची. मामांनी तीस वर्षं सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची मोटार चालवली होती. मालक वारले, मोटार वखारीत उभी राहिली आणि मामा आमच्याकडे आले. मोटारीला तिथं धूळ खायला तरी मिळत होती. मामांना माझ्या हातचं खावं लागत होतं, आणि दोन्हींत फार फरक नाही असं ते शेजाऱ्यांना सांगत.

ऑपरेशनला ते त्याआधी दोन वर्षं नाही म्हणत आले होते. उन्हाळ्यात डोळ्यात घाम जातो, पावसाळ्यात जखम चिघळते, थंडीत टाका ठणकतो. वर्षात चौथा ऋतू नसल्यामुळे विषय तिथंच संपायचा. मी फारच रेटलं तर म्हणायचे, "आता बघायचं काय ऱ्हायलंय गं?" हा प्रश्न ते माझ्याकडे तोंड करून विचारत, हे मला कधीच फार आवडलं नाही.

हळद आणायला मी महिन्यातून एकदा सांगलीला जायची, ती मामांच्या जुन्या पेढीवरच. तिथले दिवाणजी मामांच्या वयाचे. सगळा हिशेब, सगळी खरेदी-विक्री त्यांच्या हातात. एका खेपेला त्यांनी हळद जोखता जोखता सांगितलं, "वैनी, ही शेवटची खेप बगा. मालकांची पोरं पेढी मोडत्यात. पुन्या-मुंबईला ऱ्हात्यात, हळदीनं शिंका येत्यात त्यास्नी. कपाटं, तिजोरी, काटं, समदं लिलावात. गाडी बी."

मी घरी आले आणि भाकरी वाढताना ही बातमी सांगितली. मामांचा हात ताटातच थांबला.

"कोन घेतंय?"

दोन वर्षांत घराबाहेरच्या जगाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी काही दयाळू बाई नाही, पण दोरीचं टोक हाताला लागलं की ओढायचं, एवढं मला कळतं.

"आपण घेतली तर डोळा करून घ्याल?"

"घेतली तर घीन."

"आणि दुसऱ्या कुणाला गेली तर?"

"मग बघायचं काय ऱ्हायलं?" असं म्हणून ते जेवू लागले.

म्हणजे सौदा असा ठरला : गाडी मिळाली तर डोळा, नाही तर नाही. नवऱ्याला फोन केला. तो "बरं" म्हणाला. आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी त्याच्या "बरं"वर निघाली होती.

लिलावाच्या दिवशी आम्ही पहाटेची एसटी पकडली. दुसऱ्या यंत्रासाठी साठवलेले बारा हजार मी पोटाशी बांधले होते. पिशवीत मामांचे दोन सदरे, तांब्या, मिरजेच्या दवाखान्याची चिठ्ठी आणि दवाखान्याचे दोन हजार वेगळ्या पाकिटात. सकाळी लिलाव, संध्याकाळी भरती. एका तिकिटात दोन कामं होत असतील तर ती दोन खेपांत करणाऱ्या माणसांचं मला नेहमी नवल वाटतं.

वाटेत मामा गाडीबद्दल बोलत होते. बोटीनं मुंबईला उतरलेली विलायती गाडी. गोल पाठ, चार दरवाजे, आत लाकडी फळीवर घड्याळ. वळायचं असलं की दाराच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर यायचा. रंग पिस्त्यासारखा. "अशी पुसायचो का," ते म्हणाले, "मालक तिच्यात बघून पटका बांधायचं."

वखारीत पोचलो तेव्हा मला ती दिसली. कुणीतरी तिला दाराला देतात तो निळा ऑइलपेंट ब्रशनं फासला होता. एका मडगार्डात चक्क सिमेंट भरलेलं. एक दिवा गायब. मागच्या सीटवर कोंबड्या नांदून गेल्याच्या खुणा. मामा माझ्या खांद्याला धरून पुढं आले आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. तो तळवा बराच वेळ तिथंच होता.

"रंग हाय का गं अजून?"

"आहे," मी म्हणाले. रंग होताच.

लिलावाला माणसं बरीच आली होती, पण कपाटं आणि काटे विकून झाल्यावर गाडीपाशी तीनच गिऱ्हाइकं उरली. एक भंगारवाला. एक शिरवळकडचा हॉटेलवाला. त्याला गाडी हॉटेलच्या दारात उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. आणि आम्ही. दिवाणजींनी ओरडून बोली लावायला नकार दिला. म्हणाले, "मालकांची गाडी हाय, भाजी न्हवं. पेठंच्या रीतीनं जाईल."

पेठेची जुनी रीत म्हणजे रुमाल. विकणारा हातावर रुमाल टाकतो, घेणारा खालून हात घालतो आणि बोटं दाबून आपली किंमत सांगतो. तोंडानं अक्षर काढायचं नाही. पंजा दाबला की पाच, दोनदा दाबला की दहा, मग वर जितकी बोटं धरली तितके. आकडे हजारात, हे दिवाणजींनी आधीच जाहीर केलं. प्रत्येकानं एकदाच हात घालायचा. ज्याची जास्त, त्याची गाडी. रुमाल उचलला की फिरवाफिरवी नाही.

भंगारवाल्याचं काम काडी ओढण्याइतक्या वेळात झालं. हॉटेलवाल्यानं थोडा जास्त वेळ घेतला. मग मी पदर खोचला आणि हात पुढं केला.

दिवाणजींनी विस्तव लागल्यासारखा हात मागं घेतला. "आवं वैनी! तुमचा हात रुमालाखाली? पेठंत तोंड कुठं दावू मी?"

"बारा वर्षं याच हातातून पैसे घेताय की."

"ते उघड्यावर!"

हॉटेलवाला हसला. भंगारवाल्यानं दुसरीकडं बघितलं. दिवाणजींच्या कपाळावर खरोखरच घाम आला होता, त्यामुळे मी वाद वाढवला नाही. म्हणाले, "मामा घालतील हात."

हॉटेलवाला म्हणाला, "आजोबांना दिसत न्हाई की वो."

"रुमालाखाली तुम्हाला तरी काय दिसलं?"

मामांना मी बाजूला घेतलं. "बारा. बारावर एक बोट नाही."

"बारा," मामा म्हणाले.

त्यांनी रुमालाखाली हात घातला आणि मग वेळ गेला. किती ते सांगता येणार नाही, पण माझ्या शेजारच्या माणसानं तंबाखू मळली, झटकली आणि दाढेत धरली, तरी दोघांचे हात आतच. दिवाणजी वर छपराच्या पत्र्याकडे बघत होते. मामा कशाकडेच बघत नव्हते, पण मान हलत होती. हे दोघं तीस वर्षं त्याच गाडीत पुढच्या सीटवर शेजारी बसून बाजार फिरलेले. रुमाल हलायचा, थांबायचा, परत हलायचा. माझे बारा हजार त्याच्याखाली होते आणि मला फक्त रुमालाची नक्षी दिसत होती.

दिवाणजींनी रुमाल उचलला. "भंगार, नऊ. हॉटेल, तेरा. सातारा, चौदा. गाडी साताऱ्याची."

"बारा!" मी म्हणाले.

"चौदा आलं माझ्या हातात."

"मामा?"

"म्या बाराच दाबलं. त्यानंच दोन बोटं वडली असतील."

"मी कशापायी वडू? माझी बोटं झिजल्यात व्हय?" दिवाणजी म्हणाले. दोघंही इतके गंभीर दिसत होते, की त्यातला एक खोटं बोलतोय हे नक्की होतं. कोण, ते कळायला मार्ग नव्हता. रुमालाची सोय त्यासाठीच केलेली असणार.

हॉटेलवाला खिशात हात घालून पुढं सरकला. "बाईंना नको असली तर माझं तेरा तयार हायेत."

मामांचा हात पुन्हा बॉनेटवर गेला होता आणि पिकलेला उजवा डोळा माझ्या दिशेनं, म्हणजे साधारण माझ्या दिशेनं, लागला होता. मला ती दुसऱ्या कुणाला गेलेली गाडी दिसली, आणि पुढची दहा वर्षं मामांना ताटात काय कुठं वाढलंय हे सांगत बसलेली मी दिसले. मी पोटाशी बांधलेली पुडकी सोडली आणि दवाखान्याचं पाकीटही त्यावर ठेवलं.

बाहेरच्या फोनवरून जतला नवऱ्याला सांगितलं, "दोन हजार घेऊन आज मिरजेला या. कशाला ते आल्यावर."

"बरं," तो म्हणाला. आणि आला. हे त्याचं मान्य करायला हवं.

ऑपरेशन चांगलं झालं. आत भिंग बसवलं. त्या आठ दिवसांत सांगलीतल्या एका गॅरेजवाल्यानं मोटार चालती केली. दिवा बसवला, सीट धुतली. रंग आणि सिमेंट यांना मी हात लावू दिला नाही, पैसेच नव्हते. मला जीप चालवता येत होती. ही तिच्यापेक्षा सभ्य होती, फक्त थांबायला तिला जरा आधी सांगावं लागायचं.

मामांना सोडायच्या दिवशी मी ती दवाखान्याच्या दारात आणून उभी केली. मामा काळा चष्मा लावून, नवऱ्याचा हात झिडकारत, पायऱ्या उतरले. खाली आल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"ही कुनाची गाडी?"

"आपली."

ते एक फेरी मारून आले. सिमेंटवर नख मारून बघितलं. ब्रशाचा एक केस रंगात चिकटला होता, तो त्यांना दिसला आणि त्यांनी तो उपटून काढला. डॉक्टरांचं काम उत्तम झालं होतं.

"तू बघितलं हुतंस हे?"

"हो."

"मंग चौदा कशाला दिलंस?"

"तुम्ही दिलेत."

"म्या बारा दिलं. ह्या डबड्याला बारा बी लय झालं. भंगारात घाल." असं म्हणून ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

साताऱ्यापर्यंत त्यांनी मला गाडी चालवायला शिकवली. दोन वर्षं गप्प असलेला माणूस कऱ्हाडच्या पुढं तर श्वासही घेत नव्हता. "क्लच सोड. आगं, ट्रक हाय. दिसतोय का तुला? मला दिसतोय." घरी पोचल्यावर त्यांना माळ्यावरची जाळी दिसली, स्वतःच्या मुलाचं सुटलेलं पोट दिसलं, माझे पांढरे केस दिसले. सगळ्यांवर ते बोलले. जेवायला बसल्यावर ताटाकडे बघून म्हणाले, "आसं असतंय व्हय हे."

गाडी मी भंगारात घातली नाही. डिकीत तिखटाची तीन पोती आरामात बसत, आणि दुसरं यंत्र घ्यायचं राहिलं ते राहिलं, पण ती गाडी दारात थांबली की दुकानदार आपणहून बाहेर यायचे. मामा रोज सकाळी तिला पुसायचे आणि शिव्या द्यायचे.

दिवाळीनंतर ते स्वतःच म्हणाले, "डावा बी करून टाकू. एका डोळ्यानं एवढं वंगाळ दिसतंय, दोन्हींनी बघू तरी किती हाय ते."

"यावेळी अट काय?"

"रंग. पिस्त्यासारखा."

"किती खर्च करायचा?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढं धरला. आमच्या घरात सुनेनं सासऱ्यांच्या हाताला हात लावायची पद्धत नव्हती. पण स्वयंपाकघरात पेठ नव्हती, आणि आकडे यावेळी शेकड्यात होते. मी हात घातला.

तीस वर्षं स्टिअरिंग आणि सुरू करायचं हँडल फिरवलेला तो हात. पंजा दाबला तेव्हा माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. परत एकदा दाबला. मग एक, दोन, तीन, चार बोटं, एकेक मोजून, छापल्यासारखी स्पष्ट. त्या हातातून कुणी दोन बोटं ओढून घेणं शक्य नव्हतं, दिवाणजींना तर नाहीच.

मी पंचा उचलला. "किती दाबलेत?"

मामा दिसणाऱ्या डोळ्यानं माझ्याकडे सरळ बघत होते.

"बारा," ते म्हणाले.