झोपबाई

माणूस झोपला रे झोपला की त्याच्या उशाशी जाऊन उभं राहायचं, हातात वही-पेन्सिल, आणि त्याच्या पापण्यांकडे टक लावून बघायचं. असला उद्योग करणारी बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही. बघवायचं नाही हो! आम्ही त्यांचं नाव ‘झोपबाई’ ठेवलं आणि ते त्यांच्या कानावर जाईल असंच बोलायचो.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मी सोलापुरात एका दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होते. या बाई पुण्याहून आलेल्या, मूळच्या नर्सच, पण वरच्या शिक्षणासाठी प्रबंध लिहीत होत्या. विषय काय, तर कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या माणसांची झोप. आम्हाला इथे जेवायला सवड नाही आणि या लोकांच्या झोपा मोजणार!

रात्रपाळीच्या अहवालात आम्ही सगळ्याच ‘झोप चांगली’ असं लिहून मोकळ्या व्हायचो. एका सकाळी बाईंनी माझा अहवाल उचलला आणि थेट मंगळवेढ्याच्या आजोबांच्या खाटेशी गेल्या. आजोबांना गालाचा कॅन्सर होता. “आजोबा, झोप झाली का?”

“कुटली झोप, बाय! बसूनच काढली की रात.”

बाईंनी अहवालातली माझी ओळ साऱ्या नर्सेससमोर मोठ्यानं वाचली. “सिस्टर, डोळे मिटले म्हणजे झोप नव्हे,” म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं खरं होतं, म्हणून तर जास्तच झाला.

मग आम्हीही सूड घ्यायला लागलो. एकदा दुपारी टेबलावर डोकं ठेवून बाईंचा डोळा लागला होता. मी मुद्दाम जवळ जाऊन औषधांचा ट्रे आपटला. त्या दचकून उठल्या, घड्याळ पाहिलं आणि वहीत स्वतःचीच वेळ लिहून ठेवली! रागावल्यासुद्धा नाहीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दोन महिने टिपणं काढून त्यांना एवढंच सापडलं होतं की आमच्या म्हाताऱ्यांना दुखण्यापायी रात्रभर झोप लागत नाही, लागते ती पहाटे, आणि नेमकं पाच वाजता आम्ही त्यांना उठवतो. ताप घ्यायचा, तोंड धुवायचं, चादरी ताठ करायच्या, कारण आठला मोठ्या डॉक्टरांचा राउंड. बाई मेट्रनबाईंच्या मागे लागल्या आणि आठ दिवसांची परवानगी मिळवली: म्हाताऱ्यांना साडेसहापर्यंत हात लावायचा नाही. त्या आठ दिवसांत आजोबांच्या पोटात वाटीभर पेज जायला लागली. “लई दिसांनी मानसावानी झोपलो,” ते मला म्हणाले होते.

पण पहाटेचं ते ताप-चादरींचं काम सकाळपाळीच्या दोघींवर पडलं. तीस खाटा आणि दोघी जणी! चादरी राहिल्या म्हणून राउंडला आम्ही बोलणी खाल्ली. मग सगळ्यांनी मिळून तक्रार लिहिली: बाई कामात ढवळाढवळ करतात. सही करताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, उलट बरंच वाटलं. बाईंना परवानगी वाढवून मिळाली नाही आणि पाचचा नियम परत आला.

पुण्याला परत निघाल्या त्या पहाटे बाई सामान घेऊन वॉर्डात आल्या. मी रात्रपाळीला होते. पाच वाजले होते. आजोबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते आणि बाई त्यांच्याजवळ उभ्या होत्या. मी थर्मामीटर घेऊन गेले. वाटलं, आता वाद घालणार. मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं.

त्या बाजूला सरकल्या. “उठवा, सिस्टर. तक्रारीवर सही तुमचीही आहे.”

मी आजोबांचा खांदा हलवला. त्यांनी कसेबसे डोळे उघडले. “आत्ता कुटं डोळा लागला हुता गं, पोरी. आता परत न्हाय यायची.”

मी त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवला, काढला, उजेडात धरून पाहिला. ताप नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याचाही राग मला बाईंचाच आला. त्या पिशवी उचलून दाराकडे निघाल्या. मी पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला उठवायला गेले.