माझा पलटा, त्याचा कार्यक्रम

माझ्या धाकट्या भावाचा कार्यक्रम चंद्रपूरला होणार आहे, हे मला बाबांकडून कळलं. भावाकडून नाही. मी अहेरीला शाळेत संगीत शिकवते. मधल्या सुट्टीत फोन वाजला आणि बाबा एकदम बोलायलाच लागले.

"लहाना येऊन राह्यला चंद्रपूरले. सगळी पार्टी घेऊन. हॉल बुक झाला. त्या गेमचं म्युझिक वाजवणार हाय."

"कोणत्या गेमचं?"

"अवं, लहानपणी टीव्हीवर खेळे नं तो, थेच. आन् दुसरे बी. पुण्यात लोकं उभे राहून टाळ्या वाजवतात म्हणे."

बाबांचा आवाज असा मी फार क्वचित ऐकला होता. आणि माझ्यामुळे तर कधीच नाही. "बरं झालं," एवढं म्हणून मी फोन ठेवला. पुढच्या तासाला मुलांनी प्रार्थना बेसूर म्हटली, तेव्हा मी त्यांच्यावर जरुरीपेक्षा जास्त ओरडले.

बाबा भद्रावतीच्या फॅक्टरीत होते. आम्ही कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. ड्युटी संपली की बाबांची गायन पार्टी सुरू व्हायची. जयंतीचे कार्यक्रम, विहारातले कार्यक्रम, आजूबाजूच्या खेड्यांत कोणाचं नामकरण, कोणाचं लग्न. त्यांच्या पेटीवाल्याची बदली झाली आणि त्याच्या जागी मला बसवलं गेलं. तेव्हा मी शाळेतच होते. पुढे लग्न होईपर्यंत मी बाबांच्या मागे बसून पेटी वाजवली. समोर लोक, मध्ये बाबांची पाठ, मागे मी. ढोलकीवाल्याने एखादी उठान छान घेतली की बाबा वळून "वा!" म्हणायचे. माझ्याकडे वळण्याची त्यांना कधी गरज पडली नाही. कधीतरी गाणं संपल्यावर "सूर सोडू नको," एवढंच. मी सोडला नाही. परीक्षा दिल्या, विशारद झाले.

भावाने गाणं शिकायला कधी मांडी घातली नाही. मामांनी त्याला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. कॅसेट चालेनाशी झाली की तो तिच्यात फुंकर मारायचा आणि पुन्हा खोचायचा. गेममध्ये हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस भुयारांतून चालायचा, वरून वटवाघळं यायची, खाली पाणी असायचं. आणि सारखं एक पीं पीं वाजत राहायचं. बाबा त्याला पीं पींच म्हणायचे. मीही म्हणायचे.

त्या पीं पींचंच त्याने पुढे काय काय केलं. इंजिनिअर झाला, मोबाईलचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आवाजाच्या कामाला लागला. मग मित्र जमवून जुन्या गेमच्या धुना खऱ्या वाद्यांवर बसवायला लागला. मशीनमधून निघणारी दोन-तीन सुरांची धून घ्यायची आणि व्हायोलिन, चेलो, बासरी, तबला यांच्यासाठी ती नव्याने लिहायची. लोक तिकीट काढून हे ऐकायला यायचे. आमच्या नातेवाइकांत त्याचे व्हिडिओ फिरायचे. "तुमच्या घरात संगीतच आहे," असं लोक मला म्हणायचे, आणि ते माझ्याबद्दल बोलत नसायचे.

शेवटी त्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "ताई, या वेळी हार्मोनियम पण घेतली आहे आम्ही."

मी फोन कानाशी घट्ट धरला. आता विचारेल, असं मला वाटलं.

"तू आणि भाऊजी पहिल्या रांगेत बसा," तो म्हणाला. "बाबांना मी गाडी पाठवतो."

मी वाट बघत राहिले. त्याच्या धुना मोबाईलवर ऐकून पेटीवर काढल्या. शाळेतून आले की दार लोटून बसायची. एकदा नवरा डोकावून म्हणाला, "कशाची प्रॅक्टिस करून राह्यली?" मी म्हटलं, "पोरांच्या गॅदरिंगची." फोन आला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. आल्लापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत दुपारी चंद्रपूरला पोचलो. भावाला आवडतात म्हणून मी लाखोळीच्या डाळीचे वडे करून नेले होते. नवरा त्याच्या मित्राकडे गेला आणि मी डबा घेऊन थेट हॉलवर.

रंगमंचावर रंगीत तालीम चालू होती. पेटीवर एक मुलगी बसली होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची असेल, पंचविशीच्या आतबाहेरची. नागपूरची. भाऊ तिच्याशेजारी वाकून उभा होता आणि बोटाने तिला काहीतरी दाखवत होता. "असं का, दादा?" तिने विचारलं. तो म्हणाला, "अजून थोडं." तिने पुन्हा वाजवलं. "हां! आत्ता!" असं म्हणून त्याने टाळी दिली.

माझा लहाना कोणाचा तरी "दादा" आहे, हेच मला आधी लागलं. मग मी तिचं वाजवणं ऐकलं. वाईट वाजवत असती तर माझी दुपार बरी गेली असती. ती चांगली वाजवत होती. भाता मऊ, बोटं हलकी. माझ्याहून हलकी.

चहाच्या सुट्टीत तो माझ्यापाशी आला. हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा उघडला. त्याने पहिला वडा तोंडात टाकला आणि मी विचारलं, "पेटी लागत होती तर मले काऊन नाई विचारलं?"

तो खाता खाता थांबला. "तू आली असती?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

"ताई, तूच म्हणते नं, पीं पीं म्हणजे काही संगीत नाई. मागच्या दिवाळीत बी म्हटलं. भाऊजींसमोर."

म्हटलं होतं.

"आन् इथी सगळं पाश्चात्य नोटेशनमध्ये लिहिलेलं असते," तो म्हणाला. "तिले वाचता येते. तुले आपलं सारेगमचं येते. वेळ कमी होता माझ्यापाशी."

"मले शिकता आलं नसतं?"

त्याने दुसरा वडा उचलला. म्हणाला, "वडे मस्त झाले, ताई." त्याच्यात मला काही खोट काढता आली असती तर बरं झालं असतं. तो खरंच बोलत होता. मनात काही ठेवून नव्हता. मी डब्याचं झाकण लावलं आणि त्याने ठरवलेल्या गाडीत बसून बाबांना आणायला भद्रावतीला गेले.

संध्याकाळी हॉल भरला. कॉलेजची पोरं-पोरी, बँकेत बिंकेत असावीत अशी तिशी-चाळिशीतली माणसं, काही जण आपल्या लेकरांना घेऊन आलेले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते माझ्या आणि नवऱ्याच्या मधे बसले.

पहिल्या धुनेचे दोनच सूर वाजले आणि सगळा हॉल ओरडला. मी दचकले. आमच्या कार्यक्रमात लोक उठायचे ते शब्दांवर. एखाद्या ओळीवर बाया डोळे पुसायच्या, कोणी पुढे येऊन बाबांच्या हातात नोट ठेवायचं. इथे शब्दच नव्हते. मागच्या रांगेतला एक दाढीवाला माणूस प्रत्येक वळण आधीच गुणगुणत होता. बासरी चुकून थोडी उशिरा आली तर तो तिच्यापुढे निघून गेला. या माणसांनी त्या धुना किती दुपारी ऐकल्या असतील, हरता हरता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता करता. मला त्यांचाही हेवा वाटला. आणि भावाचा तर वाटलाच. माझ्या दोन सुरांवर आजवर कोणाचा श्वास अडकला नव्हता.

मध्यंतरानंतर भावाने माईक घेतला.

"आता जी धून वाजवणार आहोत, ती सगळ्यात खालच्या भुयाराची आहे," तो म्हणाला. "पण मी ती लहानपणी कधी ऐकलीच नाही. तिथवर पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आमची खोली एकच. त्या वेळी माझी ताई पेटीचा रियाज करायची, म्हणून मला टीव्हीचा आवाज बंद ठेवावा लागायचा. तर माझा तो कंदीलवाला माणूस भुयारातून चालायचा, तो ताईच्या पलट्यावर. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्या भुयाराचं गाणं तेच आहे. म्हणून आज दोन्ही एकत्र वाजवतो."

हॉलमध्ये हसू पसरलं, मग टाळ्या. पडद्यावर काळ्या जागेत एक पिवळा ठिपका हलू लागला. आणि पेटीवर सुरू झालं, सारेगम, रेगमप, गमपध. कुठलंही पोर पहिल्या वर्षी घोकतं तो पलटा. हळू, एकसारखा. चेलो त्याच्या खालून आला. मग बासरीवर ती भुयाराची खरी धून, लांबून, जशी शेजारच्या घरातून यावी तशी. पलटा चालत राहिला. तबला सुरू झाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचा मला राग आला.

बाबा वळले. माझ्याकडे. त्यांचे डोळे भरले होते. ते माझ्याकडे बघतच राहिले, जणू मीच वर बसले आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हे तू वाजवत होती?"

तेव्हा मला सुख व्हायला हवं होतं. झालं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या पाठीमागे बसून वाजवलं, रोज त्यांच्याच खोलीत हाच पलटा घोकला, आणि तो त्यांना ऐकू आला तो आज, मुलाने ऐकवला तेव्हा. तेही दुसऱ्या मुलीच्या बोटांतून. "हो," मी म्हटलं. हात सोडवून घेतला नाही, पण बोटं ताठच राहिली.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी मला शोधत आली आणि पाया पडली.

"ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. दादा म्हणतात, तुम्ही मध्यमावर थांबायच्या. म लांबायचा आणि पुढच्या सुरात मिसळायचा. त्यांनी ते तसंच लिहिलंय. पण मला अजून नीट जमत नाही. तुम्ही ते कसं करायच्या?"

मी तिच्याकडे बघत राहिले. बाबांची ती पेटी सेकंडहँड होती. मध्यमाची पट्टी दाबली की खालीच बसायची. नखाने उचलावी लागायची. तोवर सूर चालूच राहायचा. त्यात माझी कला काहीच नव्हती.

"करत राहा," मी म्हणाले. "जमेल."

खरं सांगावंसं मला वाटलं नाही. ती जरा अडू दे, असंच वाटलं.

महिनाभराने भावाचा फोन आला. नागपूरच्या कार्यक्रमात तो पलटा मीच वाजवावा म्हणाला. बाबांनी त्याला सुचवलं होतं की त्याचं त्यालाच वाटलं, हे मी विचारलं नाही. मी मोबाईलवर धडे बघून पाश्चात्य नोटेशन शिकायला लागले. शाळेत मुलं वहीत सरगम उतरवायची, तेव्हा मीही पाच रेघांवर गोळे काढायची. डोळे दुखायचे, पण बऱ्यापैकी वाचता यायला लागलं.

नागपूरच्या तालमीत मी वाजवलं. भावाने मधेच हात वर केला.

"ताई, तो म."

मी पुन्हा वाजवला.

"नाई. आधी जसं वाजवे तसं."

सगळे वाद्यं धरून थांबले होते. मग मी सांगून टाकलं, पट्टी अडकायची म्हणून.  भाऊ हसत सुटला, हसता हसता खालीच बसला. चेलोवालाही हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने मान हलवली, जणू तिला आता कुठे ते समजलं.

"जुनी पेटी कुठी हाय?" भावाने विचारलं.

"बाबांनी एका खेड्यातल्या विहाराला दिली. त्यांनी दुरुस्त करून घेतली."

मी पुन्हा वाजवलं, म वर मुद्दाम थांबून पाहिलं. बाईंनी वर्गात करून दाखवावं तसं ते निघालं. मग त्या मुलीने हळूच विचारलं, "मी बघू का?" मी सरकले. तिने म दाबला, बोट उचललंच नाही, दुसऱ्या बोटाने पुढचा सूर घेतला आणि मग पहिलं बोट सावकाश काढलं. आमची खोली, तो टीव्ही, मी फ्रॉकमध्ये. सगळं तसंच. मला माझंच वाजवता येत नव्हतं आणि तिला येत होतं.

"तूच वाजव," मी म्हणाले. मन मोठं करून म्हटलं नाही. ऐकल्यावर दुसरं काही म्हणता येईना.

भावाने मला दुसरी धून दिली. नाव वल्हवायच्या एका गेमची, साधी, संथ. संध्याकाळी कार्यक्रमात मी समोरचा कागद वाचून ती वाजवली. सुरुवातीचे दोन सूर पेटीचेच होते. ते वाजले आणि काळोखातून लोकांचा एक हुंकार आला. तो त्या धुनेसाठी होता, मला ठाऊक आहे. मी कोण हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. पण पुढची ओळ मी कागदाकडे न बघताच वाजवली.

बाबाही नागपूरला आले होते; परतीच्या गाडीत ते खिडकीपाशी बसले होते.  भद्रावती जवळ आली तेव्हा म्हणाले, "तू छान वाजवलं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"आन् ते पोरगी," ते म्हणाले, "ते बी भारी वाजवते हं."

"हो, बाबा," मी म्हणाले. "भारी वाजवते."

त्यांचा स्टँड आला. मी त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना हात धरून उतरवलं.