मुक्या फिल्ममधलं गाणं

तोंडातल्या तोंडात पुटपुटण्याची सोय माझ्या मामेसासऱ्यांनी अख्ख्या देऊळघाटात कुणालाही ठेवली नव्हती. बुलढाण्याच्या एका मूकबधिर शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्यामुळे त्यांना ओठांवरून बोलणं वाचता येई, आणि निवृत्त होताना ही विद्या शाळेत ठेवून यावी एवढा पोच त्यांना नव्हता. रस्त्यापलीकडे दोघं कुजबुजत असले की मामा अलीकडून सल्ला देत. एका लग्नात नवरदेवाचे वडील समोरच्या पंगतीत बायकोच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाले, तर मामांनी इकडून हाक दिली, "मीठ बराबर आहे हो, तुमच्याच तोंडाले चव नाही." तेव्हापासून मामा दिसले की निम्मं गाव दुपट्टा तोंडावर ओढून घेई. माझ्या लग्नात स्टेजवर मी बायकोला हळूच काय विचारलं होतं, हे त्यांनी मला दहा वर्षांनी शब्दशः ऐकवलं.

दुसरं वेड गाण्याचं. विहारात ते पेटी वाजवत, भीमगीतांना चाली लावत. शाळा पाहायला आलेल्या एका परदेशी बाईंनी जाताना त्यांना एक कॅसेट दिली होती. अमेरिकेतला एक जुना लोकगायक, गिटार घेऊन गावोगाव हिंडणारा, मजुरांची गाणी म्हणणारा. तिकडच्या दोन पिढ्या म्हणे त्याच्यावरून गायला शिकल्या. मामा त्याला 'तिकडचा शाहीर' म्हणत आणि त्याच्याविषयी असं बोलत, जणू तो मेहकरकडचा कुणी सोयराच आहे. इंग्रजी कळत नसूनही त्याची सगळी गाणी त्यांना तोंडपाठ होती.

या गायकाचं हलतं चित्र जवळजवळ उरलेलंच नाही. उरली ती दोन मिनिटांची एक फिल्म, आणि तीही मुकी. ती मोबाईलवर शोधून मामांना दाखवली मीच. घराच्या पायरीवर बसून तो गातो. मध्येच कॅमेरा त्याला सोडून अंगणातल्या झाडाकडे वळतो, बराच वेळ नुसतं झाडच दिसतं, आणि परत येतो तेव्हा गाणं संपत आलेलं असतं. मामांनी ती एकदा पाहिली आणि म्हणाले, "हे गाणं कॅसेटमधी नाही. वेगळंच आहे."

त्याच सुमाराला त्यांचे कान जात चालले होते. मशीन लावून थोडं ऐकू येई, पण तेही टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कान आहेत तोवर हे गाणं शोधायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. सकाळचा चहा झाला की मोबाईल पेटीला टेकवून ठेवायचा, त्या माणसाची बोटं, ओठ, गळ्याची हालचाल पाहायची आणि एकेक सूर दाबून बघायचा. मामी म्हणत, "माझ्या तोंडाकडं एवढं कधी पाह्यलं नाही यायनं."

पुढच्या उन्हाळ्यात गेलो, तर त्यांनी अख्खं गाणं वाजवून दाखवलं. झाडाची जागा आली आणि चाल एकदम तीन पायऱ्या वर चढली, वर थोडी रेंगाळली आणि सावकाश खाली आली.

"मामा, इथं तर नुसतं झाड आहे," मी म्हणालो. "हे कुठून आणलं?"

"कॅमेरा झाडाकडं पाहून राह्यला होता, जवाई. त्यानं गाणं थोडंच थांबवलं?"

मी हसलो. "हसून काऊन राह्यले?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. जन्मापासून बहिरी, आता बुलढाण्यात शिवणकाम करते. मामांनी तिच्यापुढे फिल्म लावली. ती बघता बघता बोटांनी टेबलावर ठेका धरू लागली. झाड आलं. तिची बोटं थांबली नाहीत. जिथं मामांची चाल वर चढली होती, नेमका तिथं ठेका दुप्पट झाला. तिला चित्र दिसू नये म्हणून मी घाईनं मोबाईल पालथा केला. गाणं संपायला हवं होतं तिथपर्यंत तिचा हात चालूच राहिला.

दोन वर्षांत मामांना ऐकू येणं पार बंद झालं. आणि मागच्या महिन्यात बातमी वाचली: त्या फिल्मच्या आवाजाचं रीळ वेगळ्या डब्यात पडून होतं, ते सापडलं, आता दोन्ही जोडलंय. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते कानाला लावलं. आजूबाजूला लोक डबे उघडत होते, कुणी लोणचं पुढं करत होतं. झाड आलं. चाल तीन पायऱ्या वर चढली, रेंगाळली, सावकाश खाली आली. 

रविवारी देऊळघाटला गेलो. मामांसमोर बसून एकेक शब्द सुटा करून सांगितलं आणि आवाजासकट फिल्म लावली. त्यांनी मोबाईलच्या पाठीवर तळहात ठेवला आणि विचारलं, "झाडापाशी?"

"तेच आहे, मामा. जसंच्या तसं."

वाटलं, ते गावभर सांगत सुटतील. त्यांनी नुसती मान हलवली. "मले ते पयल्या दिवसापासूनच ऐकू येत होतं," ते म्हणाले. "बोटं पाहाची गरज नव्हती. तुम्ही येडं म्हणसान म्हणून बोललो नाही. लय भेव लागे. आता बाकी सारं गेलं, तेवढं एक येते. आता भेव नाही लागत."

 मग त्यांनी विचारलं, "एक सांगा जवाई. आवाज कसा आहे त्याचा? मले तो दमलेला दिसते."

मी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. दोन-तीन ठिकाणी श्वास तुटत होता. माझे ओठ त्यांना नीट दिसावेत म्हणून मी उजेडाकडे तोंड केलं आणि म्हणालो, "दमलाय थोडा. पण मनापासून गातोय."

"असन," मामा म्हणाले. "दुरून चालत आला असन बिचारा." आणि हात तसाच ठेवून त्यांनी मला ती फिल्म अजून एकदा लावायला सांगितली.