आईचा खोकला

आई आज वांगणीला माझ्या भावाच्या घरी धडधाकट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांचा विषय काढला की समोरचा लगेच चेहरा पाडतो आणि हळू आवाजात विचारतो, "तुमच्याकडे कोण गेलं?" आमच्याकडे कोणी गेलं नाही. आमच्याकडे जे झालं ते मी केलं, आणि ते आठवलं की अजून मला माझीच लाज वाटते.

त्या मार्चमध्ये आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अंबरनाथला माझ्याकडे आली होती, आठ दिवसांसाठी. सामान म्हणजे दोन लुगडी, दम्याचा पंप आणि शेतातल्या वालाची एक पिशवी. लेकीच्या घरी आठ दिवसांच्या वर राहायचं नाही, हा तिचा स्वतःचाच कायदा. ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी निघाली, तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आणि सगळं बंद झालं.

भावाला फोन केला. त्या काळात फोन लावला की आधी एक अनोळखी माणूस कानात खोकायचा, मग सूचना, मग रिंग. एवढं सोसल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, आयला आता आणू नको. वेशीवर बांबू आडवा टाकलाय. गाववाले कोणालाच घेत नाय."

"अरे, ती काय पाहुणी आहे? तिचं घर आहे ते."

"मला सांगून काय फायदा? शेजारचा पोरगा पुण्याहून आला, त्याला शाळेत ठेवलाय."

आई शेजारीच बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं. तिने दाराशी ठेवलेली पिशवी उचलून पलंगाखाली सरकवली आणि त्यानंतर माझ्या घरात ती अशी वावरायला लागली की जणू तिने कुणाची तरी जागा अडवली आहे. चहा अर्धाच कप घ्यायची. पंखा आपणहून बंद करायची. मला त्याचा राग यायचा आणि मी तो भांड्यांवर काढायची.

आता तिच्या खोकल्याचं सांगते. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून तिला दमा जडला. सकाळी उठली की पंधरा-वीस मिनिटं ती खोकते, आतून, खोलवरून, भांडं घासल्यासारखा आवाज येतो. मग दिवसभर अधूनमधून. वांगणीला अंगण मोठं, पलीकडे शेत. तिकडे या खोकल्याचं कुणाला काही नाही. वहिनी तर खोकल्यावरून सांगते, आई आत्ता गोठ्यात आहे की परसात.

आमचा फ्लॅट पालेगावच्या बाजूला, नवीन बिल्डिंगमध्ये. नवीन म्हणजे भिंती इतक्या पातळ की शेजारी चमचा पडला तर आम्ही खाली बघायचो. शेजारी सिंधी अंकल आणि त्यांची बायको. उल्हासनगरला त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते मुलाच्या ताब्यात देऊन ते इकडे शांतपणे राहायला आले होते. एरवी चांगली माणसं. पण तेव्हा चांगलं कोण उरलं होतं? लिफ्टचं बटण लोक काडेपेटीच्या काडीने दाबायचे. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचे, मीही धुवायची. भाजीवाल्यासमोर चुन्याचे गोल आखलेले, आणि त्या गोलात उभं राहून माणसं मास्क हनुवटीवर ओढून एकमेकांशी गप्पा मारायची. संध्याकाळपर्यंत नुसतं सावध राहूनच अंग दुखायला लागायचं.

पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: "बी विंगमध्ये सकाळी कोणीतरी सतत खोकत आहे. कृपया माहिती द्यावी." त्याखाली हात जोडलेले. त्याखाली आणखी अकरा जणांचे हात जोडलेले.

चारच दिवसांपूर्वी मागच्या गल्लीतल्या एका आजोबांना न्यायला गाडी आली होती. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं उतरली आणि पाच मिनिटांत आजोबा गाडीत. त्यांची सून चपला घेऊन मागे धावली, पण दार लागलं होतं. बिल्डिंगला पत्रे ठोकले. ते आजोबा पुढे परत आले की नाही, मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. पण आईला असं कुणी उचलून नेलं तर ती वाटेतच भीतीने संपेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिने आयुष्यात एक रात्रही अनोळखी माणसांत काढली नव्हती. बाळंतपणंसुद्धा घरी झालेली.

नवरा म्हणाला, "सरळ लिही ग्रुपवर. दमा आहे, जुना आहे. डॉक्टरांचा कागद टाक."

"आणि कोणी तक्रार केली तर? कागद वाचत बसणार आहेत का ते?"

तो गप्प बसला. आमच्या घरात कुणी गप्प बसलं की मी ते 'हो' असं धरते.

मी उपाय काढला मिक्सरचा. आईला खोकल्याची उबळ आली की तिने हात वर करायचा आणि मी पळत जाऊन मिक्सर चालू करायचा. हसू नका, आम्ही हे जवळजवळ दोन आठवडे केलं. सकाळी सहाला मिक्सर, आठला मिक्सर, दुपारी झोपमोड करून मिक्सर. सुरुवातीला चटणी तरी वाटायची. मग रिकामंच भांडं फिरवायला लागले. नवरा ऑफिसचा फोन कानाला लावून बसलेला असायचा, तो वैतागून म्हणायचा, "एवढ्या चटणीत एखादं लग्न उरकलं असतं." आई तोंडाला पदर लावून हसायची आणि हसता हसता पुन्हा खोकायची, की पुन्हा मिक्सर.

दिवे लावायच्या त्या रात्री सगळ्यांनी गॅलरीत येऊन थाळ्याही वाजवल्या. आई आत पलंगावर बसून त्या गोंगाटात मनसोक्त खोकली. छाती मोकळी झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "उद्या पण हाय काय गो हे?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या दिवसांतलं माझं तेवढंच एक हसू मला आठवतं.

मग मिक्सर जळाला. मोटरमधून धूर आला, वास घरभर. दुरुस्तीची दुकानं बंद. मी भर स्वयंपाकघरात मटकन बसले आणि रडले. मिक्सरसाठी कुणी रडतं का? पण मला समजेना, उद्या सकाळी काय करायचं. आईने ते पाहिलं. ती माझ्याजवळ आली, डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाय, नको रडू. मी खोकणार नाय."

आणि मी, पन्नाशीला आलेली शिकलेली बाई, "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आईने स्वतःला शिकवायला घेतलं. तोंडात सतत लवंग. उबळ आली की दोन घोट कोमट पाणी. तरी आवरली नाही तर उशी तोंडावर दाबून धरायची. तिचे खांदे हलायचे, पण आवाज यायचा नाही. मी शाबासकी द्यायची. खरंच द्यायची. "आज सकाळी अजिबात ऐकू आलं नाही हं," असं मी तिला सांगायची, आणि ती शाळेतल्या मुलीसारखी खूश व्हायची. ग्रुपवर मेसेज यायचे थांबले. आमच्या भिंतीपलीकडून कुणी काही विचारलं नाही. एप्रिल सरता सरता तर उशीही लागेनाशी झाली. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, धूळ नाही, गाड्या नाहीत, कंपन्या बंद. हवा सुधारली, आईचा दमा पळाला." ही थाप मी स्वतःलाच मारली आणि स्वतःच ती खरी मानली.

मधे एकदा पंपाचं विचारलं होतं. "हाय अजून त्यात," ती म्हणाली. मी पंप हातात घेऊन हलवून बघितला नाही. पण मनात खुटखुट होती म्हणून एका सकाळी शिवमंदिराजवळच्या मेडिकलला गेले. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ओळखीचे लोक, तिकडे नको. रांगेत माझ्या पुढच्या माणसाने खोकल्याचं औषध मागितलं, तर दुकानदाराने त्याचं नाव, पत्ता, फोन वहीत लिहून घेतला. बाकीचे लोक आपापल्या गोलातून एक पाऊल मागे सरले. माझा नंबर आला. "बोला मॅडम," दुकानदार म्हणाला. मी टूथपेस्ट मागितली. टूथपेस्ट घेऊन घरी आले. वाटेत स्वतःला सांगितलं, ती म्हणतेय ना अजून आहे म्हणून.

मे महिन्याच्या सुरुवातीला आई जेवायला बसेना. भूक नाही म्हणायची. मी उन्हाळ्याला बोल लावला. ती आडवी झोपायची बंद झाली, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढायची. विचारलं तर म्हणायची, "पाठ दुखते." एका सकाळी तिला चहा द्यायला गेले तर कप धरता येईना. ओठ जांभळट पडलेले. नाकपुड्या फुललेल्या, मानेखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. आणि एवढं होऊनही घरात कसला म्हणून आवाज नव्हता.

नवऱ्याने तिला आधार देऊन उठवलं. रिक्षा बंद होत्या. ॲम्ब्युलन्स बोलवायची तर मीच दीड महिना जिच्यापासून तिला लपवलं तीच गाडी दारात आणायची. फोन हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. शेवटी आम्ही दार उघडलं, आणि बाहेर अंकल उभे. तोंडावर मास्क, त्यावर रुमाल, हातात गाडीची चावी. आमची धावपळ त्यांना भिंतीतून ऐकू गेली असणार. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार.

"चलो, मैं छोड़ देता हूँ," ते म्हणाले. "माताजी की खाँसी इतने दिन से बंद है. मैं मिसेस को बोल रहा था, कुछ तो गड़बड़ है."

म्हणजे त्यांना सगळं ऐकू येत होतं, मिक्सरसकट. "तुम्ही ग्रुपवर काही बोलला नाहीत?" असं मी विचारलं बहुतेक.

"क्या बोलना था? दमे की खाँसी है, मेरी माँ को भी थी. वो मेसेज तो ऊपरवालों का था." मग एकदम चिडून, "अब बैठोगे या बातें करोगे?" त्यांनी गाडीच्या सीटवर सॅनिटायझर मारला, आमच्या तिघांच्या हातांवर मारला, चारही काचा खाली केल्या आणि पूर्ण रस्ताभर मान बाहेर काढून गाडी चालवली. घाबरलेले तेही होते. पण ते आले.

आमचे नेहमीचे डॉक्टर सकाळी दोन तास दवाखाना उघडत. मधे प्लास्टिकचा पडदा, बाहेर बाकांवर एक सोडून एक माणसं. आईची अवस्था बघून त्यांनी आधी आत घेतलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा बघितला. तिच्या कमरेच्या पिशवीतून पंप काढला, हलवला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. रिकामा होता. "हा कधी संपला?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "खोकला कधीपासून?" तेही नीट सांगता येईना. "हल्ली नव्हताच," मी म्हणाले.

त्यांनी वाफेचं मशीन लावलं. औषधाची वाफ आत गेली, अर्ध्या तासाने तिच्या ओठांचा रंग थोडा बदलला. तेव्हा डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. "कफ साठलाय नुसता," ते म्हणाले. "आजी, मोठा श्वास घ्या. हं. आता खोका."

आई खोकली नाही.

"खोका आजी. जोरात खोका, बाहेर पडू दे सगळं."

आईने पदर तोंडावर घट्ट दाबला. उबळ आलेली मला दिसत होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती ओठ उघडेना. डॉक्टरांना वाटलं तिला कमी ऐकू येतं. ते वाकून तिच्या कानाशी मोठ्याने ओरडले. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"खोकू काय गो, बाय?" तिने पदराआडून विचारलं.

"खोक आई," मी म्हणाले. "खोक गं. कोणी काही बोलणार नाही."

तरी तिने आधी मान वळवून दाराकडे पाहिलं, बाहेर कोण बसलंय ते.